बार्बाडोसचा समुद्र : कोणता किनारा, कोणती नौका आणि कोणत्या क्रमाने

न्यू जर्सी, टोरांटो किंवा लंडनला राहणारी मराठी कुटुंबे थंडीच्या सुट्टीत कॅरिबियन बेटांवर जाण्याचा बेत आखू लागली, की चर्चा बहुधा हॉटेलापासून सुरू होते आणि हॉटेलापाशीच संपते. मुलांकडे अमेरिकेला आलेले आईवडील सोबत असतील, तर प्रश्न आणखी वाढतात : पोहता न येणाऱ्यांनी काय करायचे, होडीत शाकाहारी जेवण मिळेल का, गुडघे दुखत असताना शिडीवरून पाण्यात उतरता येईल का. या सर्व प्रश्नांची उत्तरे हॉटेलावर नव्हे, तर आपण बेटाच्या कोणत्या बाजूच्या समुद्रात उतरणार यावर अवलंबून असतात. बार्बाडोसपुरते तरी हे अगदी खरे आहे. म्हणून या लेखात आधी किनारा, मग दिवस आणि शेवटी नौका, असा निवडीचा क्रम ठेवला आहे.

बार्बाडोस निवडण्यामागे काही सरळ कारणे आहेत. भारतीय पारपत्रावर अल्पकालीन पर्यटनासाठी व्हिसा लागत नाही, इंग्रजी सर्वत्र चालते, वाहने डाव्या बाजूने धावतात आणि नळाचे पाणी पिण्याजोगे असते. क्रिकेट हे आणखी एक कारण मानायला हरकत नाही. १९७१ साली अजित वाडेकरांच्या संघातून पहिल्याच मालिकेत ७७४ धावा करणाऱ्या सुनील गावसकरांनी त्यांपैकी नाबाद ११७ धावा ब्रिजटाउनलाच काढल्या होत्या, आणि २०२४ चा टी-ट्वेंटी विश्वचषक रोहित शर्माने उचलला तोही तेथील केन्सिंग्टन ओव्हलवरच.

बेटाच्या बाजू ओळखा

बेट सुमारे ३४ किलोमीटर लांब आणि २३ किलोमीटर रुंद आहे. क्षेत्रफळ ४३१ चौरस किलोमीटर, म्हणजे मुंबई शहर आणि उपनगरे मिळून होणाऱ्या क्षेत्राहूनही कमी. गाडीने कोठूनही कोठेही दीड तासाच्या आत पोहोचता येते, त्यामुळे राहण्याचे ठिकाण एका बाजूला आणि पोहण्याचे दुसऱ्या बाजूला असले तरी बिघडत नाही.

पश्चिम किनारा वाऱ्याच्या आडोशाला आहे. व्यापारी वारे ईशान्य-पूर्वेकडून येतात, बेट मध्ये आडवे येते आणि होलटाउन, पेन्स बे, मुलिन्स या पट्ट्यातील पाणी बरेचदा तलावासारखे स्थिर राहते. लहान मुले, ज्येष्ठ मंडळी आणि नवशिके यांच्यासाठी हाच किनारा. दक्षिण किनाऱ्यावर, म्हणजे अक्रा, डोव्हर, एंटरप्राइझ या पुळणींवर, मध्यम लाटा असतात. तरुणांना त्या आवडतात, मात्र पोहता न येणाऱ्याने तेथे कंबरेपेक्षा खोल जाऊ नये. नैर्ऋत्य कोपऱ्यात, राजधानी ब्रिजटाउनला लागून असलेला कार्लाइल बे हा अर्धचंद्राकृती उपसागर दोन्ही किनाऱ्यांच्या सीमेवर येतो आणि माझ्या मते पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी संपूर्ण बेटावर याहून सोयीची जागा नाही.

पूर्व किनाऱ्याची गोष्ट वेगळी. तेथून सरळ पूर्वेला आफ्रिकेच्या किनाऱ्यापर्यंत अथांग अटलांटिक पसरलेला आहे आणि हजारो किलोमीटर मोकळ्या पाण्यावरून आलेली लाट बाथशेबाच्या खडकांवर फुटते. छायाचित्रांत सर्वांत देखणी दिसते ती हीच बाजू, आणि पोहण्यास सर्वांत अयोग्य तीही हीच.

येथे कोकणातील अनुभव थोडा बाजूला ठेवावा लागतो. आपल्याकडे समुद्राची भीती प्रामुख्याने भरती-ओहोटीशी जोडलेली असते. मुंबईत उधाणाच्या दिवशी भरती साडेचार मीटरच्या वर जाते, त्यामुळे वेळापत्रक पाहिल्याशिवाय जाणता माणूस खडकांत उतरत नाही. बार्बाडोसला भरती-ओहोटीतील फरक एक मीटरपेक्षाही कमी असतो. पाणी फारसे चढत-उतरत नाही हे पाहून आपला माणूस निर्धास्त होतो, परंतु तेथील धोका लाटांचा आणि किनाऱ्यापासून आत खेचणाऱ्या प्रवाहाचा आहे, आणि तो वेळापत्रकात छापलेला नसतो.

केव्हा जावे

डिसेंबर ते मे हा कोरडा हंगाम, तर १ जून ते ३० नोव्हेंबर हा अटलांटिकमधील चक्रीवादळांचा अधिकृत काळ. बार्बाडोस हे या द्वीपमालिकेच्या पूर्वेला एकटेच बाहेर असल्यामुळे बरीच वादळे त्याच्या उत्तरेने निघून जातात, तथापि हा भरवसा धरून बेत आखू नये. २०२१ च्या जुलैत एल्सा वादळाने बेटाला तडाखा दिला होता. २०२४ मध्ये विश्वचषक जिंकल्यानंतर भारतीय संघ बेरिल वादळामुळे ब्रिजटाउनलाच अडकून पडला आणि ४ जुलैला मायदेशी पोहोचला, हे अनेकांना आठवत असेल. वादळ दक्षिणेकडून गेले, तरी विमानतळ बंद ठेवावा लागला आणि मासेमारी नौकांचे मोठे नुकसान झाले. जून ते नोव्हेंबर या काळात जाणाऱ्यांनी तारीख बदलता येईल असेच तिकीट आणि वादळाची भरपाई देणारा प्रवास विमा घ्यावा.

दुसरी बाब सार्गासमची. हे तपकिरी, तरंगते समुद्रशेवाळ २०११ पासून मोठ्या प्रमाणात कॅरिबियन किनाऱ्यांना लागू लागले आहे. बार्बाडोसला त्याचा त्रास मुख्यतः पूर्व आणि दक्षिण किनाऱ्याला, साधारण मार्च ते ऑगस्ट या महिन्यांत होतो. किनाऱ्यावर कुजू लागले की सडलेल्या अंड्यासारखा वास सुटतो, आणि दम्याचा विकार असणाऱ्यांना तो बाधू शकतो. पश्चिम किनारा बहुतांशी यातून सुटतो, म्हणून या महिन्यांत जाणाऱ्यांनी राहण्याची सोयही पश्चिमेलाच पाहावी.

हिवाळ्यालाही एक खोट आहे. उत्तर अटलांटिकमधील वादळांमुळे उठलेली लांब पल्ल्याची उसळ डिसेंबर ते मार्चमध्ये अधूनमधून पश्चिम किनाऱ्यापर्यंत येते. मग दोन-तीन दिवस तेथील पाणी गढूळ राहते आणि स्नॉर्केलिंगचा, म्हणजे मुखवटा आणि नळी लावून तरंगत पाण्याखालचे पाहण्याचा, अर्थच उरत नाही. यासाठीच नौकेची सफर मुक्कामाच्या शेवटी न ठेवता दुसऱ्या किंवा तिसऱ्या दिवशी ठेवावी, म्हणजे समुद्राने नकार दिल्यास पुढे मोकळे दिवस शिल्लक असतात. हिवाळ्यात प्रवासी जहाजांचीही गर्दी असते. एकाच दिवशी तीन-चार जहाजे ब्रिजटाउन बंदराला लागली की कार्लाइल बेमध्ये खुर्ची मिळणे मुश्कील होते. जहाजांचे वेळापत्रक आधीच जाहीर होते. ते पाहून कमी जहाजांचा दिवस निवडावा.

कागदपत्रे आणि सामान

भारतातून थेट विमान नाही. लंडन, न्यूयॉर्क, मायामी किंवा टोरांटोमार्गे जावे लागते, आणि बार्बाडोसचा व्हिसा लागत नसला तरी मधल्या देशाचा व्हिसा किंवा संक्रमण परवाना लागतो, हे विसरून चालणार नाही. लंडनहून सुमारे नऊ तास आणि न्यूयॉर्कहून सुमारे पाच तासांचा प्रवास आहे.

सामानात लांब बाह्यांचा पोहण्याचा सदरा, तशीच घोट्यापर्यंतची विजार, पाण्यात चालतील असे रबरी तळाचे बूट, फोनसाठी जलरोधक पिशवी आणि झिंक ऑक्साइडचे सनस्क्रीन घ्यावे. ज्या स्त्रियांना अंगभर कपडे हवे असतात त्यांनी संकोच करण्याचे कारण नाही. पूर्ण अंग झाकणारा पोहण्याचा पोशाख सर्व नौकांवर चालतो, किंबहुना उन्हाच्या दृष्टीने तोच उत्तम. मात्र सुती सलवार-कमीज किंवा ओढणीसह पाण्यात उतरू नये. भिजलेले सुती कापड जड होते, पायांत गुंतते आणि जीवरक्षक जॅकेटाचे पट्टेही नीट बसू देत नाही. आणखी एक अनपेक्षित नियम : लष्करी छाप्याचे कपडे सामान्य नागरिकांनी वापरणे बार्बाडोसमध्ये बेकायदा आहे, आणि त्यात लहान मुलांच्या टोप्या आणि पाठपिशव्याही येतात. त्या घरीच ठेवाव्यात.

पहिली सकाळ कार्लाइल बेवर

पहिल्या दिवशी कोठलीही सफर आरक्षित करू नये. लंडनहून किंवा भारतातून आलेल्यांना वेळेच्या फरकामुळे जाग लवकर येतेच, तिचा उपयोग करून घ्यावा. सूर्योदयाच्या सुमारास कार्लाइल बेच्या दक्षिण टोकाला, पेबल्स बीचवर, गॅरिसन सव्हाना या शर्यतीच्या मैदानावरचे घोडे अंघोळीला आणतात. मोतद्दार घोड्याला छातीभर पाण्यात नेतो, घोडा नाकपुड्या फुगवून मान वर धरतो, आणि बाहेर आल्यावर वाळूत अंग झटकतो तेव्हा जवळ उभे असलेले भिजून जातात. याला तिकीट लागत नाही.

बेटावरील सर्व किनारे सार्वजनिक आहेत. हॉटेलासमोरच्या वाळूवर कोणीही बसू शकतो. भाडे असते ते केवळ खुर्ची आणि छत्रीचे. भाडे ठरवताना पहिला प्रश्न हा विचारावा की सांगितलेले डॉलर बार्बाडोसचे की अमेरिकेचे. दोन बार्बाडोस डॉलर म्हणजे एक अमेरिकन डॉलर हा दर १९७५ पासून स्थिर आहे आणि दोन्ही चलने सर्रास चालतात, त्यामुळे हा प्रश्न न विचारणाऱ्याला दुप्पट पैसे मोजावे लागू शकतात.

पाण्यात उतरण्यापूर्वी थोडा वेळ उभे राहून समुद्र पाहावा. लाटा सलग फुटत असताना मध्येच एखादा पट्टा शांत, किंचित गडद आणि फेस आत वाहून नेणारा दिसला, तर तोच आत खेचणारा प्रवाह असतो. नवखा माणूस नेमकी तीच जागा सुरक्षित समजून निवडतो. लाल निशाण असल्यास पाण्यात जाऊ नये, पिवळे असल्यास जीवरक्षकाला विचारून जावे. प्रवाहात सापडल्यास किनाऱ्याच्या दिशेने झगडू नये, कारण त्यात दमच संपतो. किनाऱ्याला समांतर पोहत प्रवाहाच्या बाहेर पडावे, ते जमत नसेल तर तरंगत राहून हात वर करावा.

पश्चिम किनाऱ्यावर सावली शोधताना एका झाडापासून दूर राहणे अत्यावश्यक आहे. मँचिनील नावाचे हे झाड समुद्राच्या अगदी कडेला वाढते आणि त्याला लहान हिरव्या सफरचंदासारखी फळे येतात. फळ विषारी आहेच, शिवाय पानांचा आणि सालीचा चीक कातडीवर पडल्यास फोड येतात. पावसात त्याच्या खाली उभे राहिले तर गळणाऱ्या पाण्यानेही तेच होते. अनेक झाडांवर लाल पट्टा रंगवलेला किंवा सूचनाफलक लावलेला असतो, परंतु प्रत्येक झाडावर तो असेलच असे नाही. वाळूत पडलेले कोणतेही फळ मुलांना उचलू देऊ नये.

स्नॉर्केलिंगचा सराव

नौकेच्या सफरीत स्नॉर्केलिंगसाठी प्रत्येक ठिकाणी अर्धा-पाऊण तास मिळतो. मुखवटा कसा लावायचा हे त्या वेळी शिकणाऱ्याचा निम्मा वेळ खोकण्यात जातो. म्हणून आदल्या दिवशी किनाऱ्यावर, कंबरभर पाण्यात उभे राहून सराव करावा. पोहता न येणाऱ्यांनी तर हा टप्पा मुळीच वगळू नये.

मुखवटा निवडताना पट्टा न लावता तो चेहऱ्यावर टेकवावा आणि नाकाने हलका श्वास आत घ्यावा. हात सोडल्यावरही तो चिकटून राहिला तर माप बरोबर आहे. केसांची एक बट आत राहिली तरी पाणी झिरपते. मिशी असलेल्यांना हा त्रास हमखास होतो. ओठावरच्या कडेला थोडे पेट्रोलियम जेली लावल्यास फट बुजते. काचेवर आतून लहान मुलांच्या शांपूचा एक थेंब चोळून पाण्याने विसळून टाकावा, म्हणजे वाफ धरत नाही. पट्टा करकचून ओढू नये, त्याने मुखवटा वाकडा होऊन पाणी अधिकच येते. चष्मा लागणाऱ्यांसाठी नंबरचे मुखवटे मिळतात आणि ते भाड्याने मिळतील का हे आधी विचारून ठेवावे. नाही तर सारा खर्च करून मासे म्हणजे रंगीत ठिपके एवढेच दिसते.

त्यानंतर उभ्यानेच गुडघे वाकवून फक्त चेहरा पाण्यात घालावा आणि नळीतून तोंडाने सावकाश श्वास घ्यावा. पहिले काही श्वास घाबरे होतात, कारण चेहरा पाण्यात असताना श्वास घ्यायचा नसतो हेच शरीराला ठाऊक असते. वीसेक श्वास शांतपणे झाले की ती धास्ती आपोआप ओसरते. मग मुद्दाम नळीत पाणी जाऊ द्यावे आणि जोरात फुंकर मारून ते वरून उडवावे. मुखवट्यात पाणी शिरल्यास तो काढण्याची गरज नसते. वरची कड कपाळावर दाबून धरावी, मान किंचित वर करावी आणि नाकाने श्वास सोडावा. पाणी खालच्या कडेने निघून जाते. या दोन गोष्टी जमल्या की घाबरण्याचे मोठे कारण उरत नाही.

संपूर्ण चेहरा झाकणारे नव्या पद्धतीचे मुखवटे नवशिक्यांना सोपे वाटतात, परंतु त्यात पाणी शिरल्यावर ते चटकन बाहेर टाकता येत नाही. मी ते सुचवणार नाही. पायांत घालायचे पंख पाण्यात बसून चढवावेत आणि चालावे लागल्यास पाठमोरे चालावे. हृदयविकार किंवा अनियंत्रित रक्तदाब असलेल्यांनी निघण्यापूर्वी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा, कारण तरंगणे वाटते त्यापेक्षा श्रमाचे असते.

सरावाला कार्लाइल बे बरा, कारण तेथे पाहण्यासारखेही बरेच आहे. या उपसागराच्या तळाशी बुडालेल्या नौकांचा एक समूह आहे. त्यांपैकी बर्विन ही फ्रेंच टगबोट १९१९ साली तिच्याच खलाशांनी बुडवली. तिचा वरचा भाग इतका उथळ आहे की पृष्ठभागावर तरंगतही स्पष्ट दिसतो. कॉर्नवॉलिस या कॅनेडियन मालवाहू जहाजावर १९४२ मध्ये जर्मन पाणबुडीने टॉर्पेडो डागला होता, तर बजान क्वीन ही जुनी नौका २००२ साली मुद्दाम बुडवण्यात आली. किनाऱ्यापासून पोहत तेथे जाणारे लोक आहेत, परंतु मधून नौकांची ये-जा असते, त्यामुळे मार्गदर्शकाशिवाय जाऊ नये. होलटाउनजवळचे फोकस्टोन हे १९८१ पासूनचे संरक्षित सागरी क्षेत्र दुसरा पर्याय आहे; तेथे काठापासून प्रवाळ पाहता येते. मात्र तळ खडकाळ असल्याने पायांत बूट हवेतच. काळे, लांब काट्यांचे समुद्री साळू, ज्यांना तेथील लोक कॉबलर म्हणतात, खडकांच्या फटींत बसलेले असतात. काटा रुतल्यास सहन होईल इतक्या गरम पाण्यात पाय बुडवून ठेवल्याने वेदना कमी होते. राहिलेला तुकडा काढण्याचे काम दवाखान्यातच करावे.

नौका कशी निवडावी

बार्बाडोसची नेहमीची सफर कॅटामरानची, म्हणजे दोन समांतर तळांच्या शिडाच्या नौकेची. दोन तळांमुळे ती फारशी कलंडत नाही, आणि पुढच्या बाजूला दोन्ही तळांच्या मध्ये जाळे ताणलेले असते, त्यावर पडून खालचे पाणी पाहता येते. दुपारच्या जेवणाची सफर साधारण सकाळी दहा ते तीन अशी पाच तासांची असते. नौका ब्रिजटाउनहून निघून पश्चिम किनाऱ्याने उत्तरेकडे जाते, एके ठिकाणी बुडालेल्या नौकेपाशी आणि एके ठिकाणी कासवांपाशी नांगर टाकते, आणि मग जेवण होते. माणशी शंभर अमेरिकन डॉलर किंवा त्याहून अधिक खर्च धरून चालावे. सूर्यास्ताची सफर अधिक रम्य म्हणून खपते. तथापि ज्यांना पाण्याखालचे पाहायचे आहे त्यांनी सकाळचीच घ्यावी, कारण ऊन डोक्यावर असताना पाण्यात प्रकाश खोलवर पोहोचतो.

आरक्षण करण्यापूर्वी विचारायचे प्रश्न ठरलेले असावेत. एकूण किती प्रवासी घेतात? पाण्यात मार्गदर्शक सोबत उतरतो की फक्त वरून लक्ष ठेवतो? मुलांच्या मापाची जॅकेटे आहेत का? समुद्र खवळल्यास पैसे परत मिळतात की फक्त दुसरा दिवस? हॉटेलातून ने-आण धरलेली आहे का? साठ माणसांच्या नौकेवर संगीत आणि रम पंच यांचाच जोर असतो. आईवडील किंवा लहान मुले सोबत असतील तर दहा-पंधरा प्रवाशांची लहान नौका थोडी महाग पडली तरी घ्यावी. दोन-तीन कुटुंबे एकत्र असतील तर संपूर्ण नौका भाड्याने घेण्याचा हिशेबही करून पाहावा, तो बरेचदा फार वेगळा येत नाही.

शाकाहारी जेवणाचे आरक्षणाच्या वेळीच लेखी कळवावे, आणि शाकाहारी म्हणजे काय हेही स्पष्ट लिहावे. भात आणि कडधान्य एकत्र शिजवलेल्या पदार्थात पुष्कळदा खारवलेले मांस घातलेले असते. मॅकरोनी पाय हा चीजचा भाजलेला पदार्थ सर्वत्र मिळतो, मात्र त्यात अंडे असू शकते. भाजलेली किंवा तळलेली केळी आणि ब्रेडफ्रूट, म्हणजे कोकणातला नीरफणस, हे निर्धोक. मासे खाणाऱ्यांनी तेथील प्रसिद्ध उडता मासा अवश्य खावा. खाद्यपत्रिकेत डॉल्फिन असे लिहिलेले दिसले तर दचकू नये, तो माही-माही नावाचा मासा असतो.

नौकेवरचा दिवस

बोट लागणाऱ्यांनी गोळी निघण्याच्या तासभर आधी घ्यावी, लागू पडण्यापूर्वीच पोट ढवळू लागले तर तिचा उपयोग होत नाही. पोट रिकामे ठेवू नये आणि तुडुंबही भरू नये. आलेपाकाच्या दोन वड्या खिशात असलेल्या बऱ्या. बसण्याची जागा मध्यभागी किंवा मागच्या बाजूला घ्यावी आणि नजर क्षितिजावर ठेवावी. जाळ्यावर पडून फोन पाहणाऱ्याला मळमळ सर्वांत आधी होते.

नौकेवर चढताना पादत्राणे एका टोपलीत जमा करावी लागतात. सनस्क्रीन निघण्यापूर्वी, हॉटेलातच लावावे. नौकेवर लावले तर तळवे तेलकट होतात आणि ओल्या पृष्ठभागावर पाय घसरतो. स्नॉर्केलिंग करताना पाठ, मान आणि गुडघ्यांची मागची बाजू सतत उन्हात असते आणि पाण्याच्या गारव्यामुळे भाजणे जाणवत नाही, म्हणून लांब बाह्यांचा सदरा सनस्क्रीनपेक्षा अधिक कामाचा ठरतो.

पाण्यात उतरताना जॅकेटाचे सर्व पट्टे कंबरेशी घट्ट बांधावेत, नाही तर ते तरंगून हनुवटीशी येते. शिडीकडे तोंड करून, एक-एक पायरी उतरावे. मार्गदर्शक लाल-पांढरे तरंगते कडे घेऊन पोहत असेल तर पोहता न येणाऱ्यांनी ते धरून सोबत राहावे. त्यात कमीपणा नाही, उलट दोन्ही हात स्थिर असल्याने पाहण्याकडे लक्ष देता येते. परत येताना इंजिन बंद असल्याची खूण मिळाल्याशिवाय नौकेच्या मागच्या बाजूस जाऊ नये. शिडीवर आधी पंख काढून वर द्यावेत, मग चढावे. रम पंच मुबलक दिले जाते, आणि ते फळांच्या रसासारखे गोड असल्याने प्रमाण लक्षात येत नाही. पाण्यात उतरण्याचा शेवटचा थांबा होईपर्यंत ते टाळावे, एवढा नियम घरातील सर्वांनी आधीच मान्य करून ठेवावा.

कासवांबद्दल थोडे सविस्तर सांगायला हवे. पश्चिम किनाऱ्याजवळ प्रामुख्याने हिरवी कासवे आणि हॉक्सबिल कासवे दिसतात. काही नौकाचालक माशांचे तुकडे टाकून त्यांना जवळ बोलावतात. त्यामुळे कासवे माणसांच्या हाताकडे अन्न म्हणून पाहू लागतात आणि बोटांना चावा बसण्याचे प्रकार होतात, शिवाय हिरव्या कासवाचा नैसर्गिक आहार समुद्री गवत असताना त्याला या चाऱ्याची सवय लागते. चारा न टाकणारी नौका विचारून निवडावी. पाण्यात हात छातीशी घडी करून ठेवावेत, कासवाच्या वरून पोहू नये, कारण त्याला श्वास घेण्यासाठी वर यावे लागते, आणि ते वळेल तिकडे त्याचा पाठलाग करू नये. स्थिर राहिल्यास ते स्वतःहून हातभर अंतरावरून जाते. कवचावर चिकटलेले शेवाळ आणि पापण्यांच्या सुरकुत्याही दिसतात. साधारण मे ते ऑक्टोबर या महिन्यांत हॉक्सबिल कासवे रात्री वाळूवर अंडी घालायला येतात, त्या वेळी किनाऱ्यावर टॉर्च किंवा फोनचा दिवा लावू नये.

ज्यांना पाण्यात उतरायचेच नाही

आजी-आजोबांना किनाऱ्यावर सामान राखायला बसवणे बरे नव्हे. काचेच्या तळाची होडी त्यांच्यासाठी योग्य आहे, मात्र ती वाळूवरूनच धरावी लागते आणि गुडघाभर पाण्यातून शिडी चढावी लागते. लाट ओसरल्यावर पाऊल टाकावे आणि होडीवाल्याला हात द्यायला सांगावे, ते आनंदाने देतात. अटलांटिस ही प्रवासी पाणबुडी सुमारे ४५ मीटर खोलीपर्यंत जाते आणि अंग भिजत नाही, परंतु आत जाण्याची शिडी जवळजवळ उभी असते. गुडघ्यांचे दुखणे असेल तर काचेची होडीच बरी.

स्कूबा, जेट-स्की आणि लाटांवरचे खेळ

स्कूबाचा, म्हणजे पाठीवर हवेची टाकी घेऊन खोल पाण्यात बुडी मारण्याचा, प्रशिक्षणाशिवाय करता येणारा पहिला अनुभव १२ मीटरपर्यंतचा असतो आणि वयाची अट साधारण १० वर्षे. पश्चिम किनाऱ्याजवळ १९७८ साली बुडवलेले स्टाव्ह्रोनिकिता हे ग्रीक मालवाहू जहाज सुमारे ४० मीटर खोलीवर उभे आहे. ते केवळ प्रगत प्रमाणपत्रधारकांसाठी. स्कूबानंतर विमानात बसण्यापूर्वी किमान १८ तास जाऊ द्यावेत, म्हणून मुक्कामाच्या शेवटच्या दिवशी हा बेत ठेवू नये. विम्याच्या कागदात स्कूबा आणि जेट-स्की यांचा समावेश आहे का, हेही निघण्यापूर्वीच पाहावे, बऱ्याच साध्या विम्यांतून ते वगळलेले असतात.

किनाऱ्यावर फिरून जेट-स्कीसाठी गळ घालणाऱ्यांना नम्रपणे नकार द्यावा. हौस असेलच तर परवाना, जॅकेट आणि नुकसानभरपाईची अट आधी पाहावी, आणि पोहणाऱ्यांच्या जवळून चालवू नये. लाटांवर उभे राहण्याचे पहिले धडे दक्षिणेकडील फ्रेट्स बेमध्ये चांगले मिळतात. काइटसर्फिंगसाठी, म्हणजे मोठ्या पतंगाच्या ओढीने लाटांवर सरकण्यासाठी, सिल्व्हर सँड्स प्रसिद्ध आहे. ते पाहायला जावे, एका सुट्टीत शिकण्यासारखे नाही.

पूर्वेकडचा एक दिवस

एक दिवस पूर्व किनाऱ्याला द्यावा, पोहण्याचे कपडे जवळ असू द्यावेत पण समुद्रात पोहण्याचा विचार सोडून द्यावा. सरकारी निळ्या बसने ब्रिजटाउनहून बाथशेबाला जाता येते. कितीही अंतर असले तरी भाडे एकच, साडेतीन बार्बाडोस डॉलर, आणि सुटे पैसे मोजून द्यावे लागतात. तेथील सूप बोल या ठिकाणी जगभरचे कसलेले सर्फर उतरतात. बाकीच्यांनी ओहोटीच्या वेळी खडकांमधील डबक्यांत बसावे; लाट बाहेरच्या खडकावर फुटते आणि फेसाळ पाणी आत येते, तेवढे स्नान पुरेसे आहे. याच बाजूला दक्षिणेकडे असलेल्या बाथ बीचसमोर प्रवाळाची भिंत असल्याने तेथील पाणी मात्र मवाळ असते, आणि स्थानिक कुटुंबे सुट्टीच्या दिवशी तेथे डबे घेऊन येतात. क्रेन बीचची किंचित गुलाबी वाळू आणि बॉटम बेचे उंच कडे आग्नेयेला आहेत. दोन्ही ठिकाणी प्रवाह जोरदार आहेत.

शुक्रवार असेल तर परतीची वाट ऑइस्टिन्सवरून धरावी. मासळी बाजाराच्या त्या गावी संध्याकाळी उघड्यावर मासे भाजण्याचा आणि गाण्यांचा मोठा जल्लोष असतो. सातच्या आधी पोहोचल्यास बसायला जागा मिळते.

निघण्यापूर्वी

फोनमध्ये तीन क्रमांक जपून ठेवावेत : पोलिसांसाठी २११, अग्निशमनासाठी ३११ आणि रुग्णवाहिकेसाठी ५११. गडबडीत भारतातील किंवा अमेरिकेतील क्रमांक आठवतात, हे आठवत नाहीत. लंडनची विमाने बहुधा संध्याकाळी सुटतात आणि विमानतळ ऑइस्टिन्सपासून जवळ आहे, त्यामुळे शेवटची सकाळ एंटरप्राइझच्या किनाऱ्यावर घालवून, ओले कपडे वेगळ्या पिशवीत बांधून थेट विमानतळ गाठता येतो. बॅग भरताना मुलांचे खिसे मात्र तपासावेत. प्रवाळाचे तुकडे आणि मोठे गुलाबी शंख यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध आहेत, आणि प्रवाळ भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखालीही संरक्षित असल्याने कागदपत्रांशिवाय ते सीमाशुल्क तपासणीत सापडल्यास तेथेच अडकून बसावे लागते.